ओआरएस पाजतोय, तरी बाळ सुकत चाललंय: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे आणि थंडीत रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूमुळे आमच्या बालरुग्ण विभागात दरवर्षी आया एकच तक्रार घेऊन येतात. ‘सिस्टर, कालपासून ओआरएस देतेय. पाजलं की उलटून टाकतो. जुलाब थांबायचं नाव नाही. आता सलाईनच लावा.’ बाळाकडे बघावं तर डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. आईचं म्हणणं खरं असतं आणि तिने निवडलेलं औषधही बरोबर असतं. अडतं ते मधल्या कुठल्यातरी पायरीवर. पाकीट किती पाण्यात कालवलं, एका वेळी किती पाजलं, पाकिटात खरोखर ओआरएस होतं का, आणि गुण येतोय की नाही हे कशावरून ठरवलं, यातलं काहीतरी एक चुकलेलं असतं. त्या पायऱ्या एकेक करून कशा तपासायच्या ते इथे लिहिते आहे.

सहा महिने ते पाच वर्षं या वयाची मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. त्याहून लहान बाळाला जुलाब-उलट्या लागल्या तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अंगावरचं दूध मात्र चालू ठेवा.

आधी ठरवा, घरी थांबायचं की निघायचं

बाळ निपचित पडलंय, हाक मारून, हलवूनही धड डोळे उघडत नाही. चमचा तोंडाशी नेला तर गिळत नाही, किंवा जेमतेम एखादा घोट घेतं. पोटात गेलेलं सगळंच्या सगळं बाहेर येतंय. झटका आलाय. तळहात-तळपाय गार पडलेत. यातलं एक जरी दिसलं तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. बाळ गिळत असेल तर वाटेत चमचा-चमचा ओआरएस चालू राहू दे. निपचित बाळाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

शीमध्ये रक्त असेल, उलटी हिरव्या रंगाची असेल, पोट फुगून टणक झालं असेल, किंवा मूल थोड्या-थोड्या वेळाने पाय पोटाशी ओढून किंचाळत असेल, तर तिथे प्रश्न फक्त पाणी कमी होण्याचा नसतो. तेही लगेच दवाखान्यात न्यायचं.

अशी टोकाची लक्षणं नसतील तर चार गोष्टी बघा. मूल चिडचिडं, अस्वस्थ झालंय का? डोळे खोल गेलेत का? पाणी दाखवलं की हपापल्यासारखं पितंय का? पोटाची कातडी चिमटीत उचलून सोडली तर हळू बसतेय का? चारपैकी दोन खुणा असतील तर अंगातलं पाणी बऱ्यापैकी कमी झालंय असं धरायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जायचं. अशा मुलाला पहिले चार तास कुणाच्यातरी नजरेखाली ओआरएस पाजावं लागतं. दोन खुणा नसतील, मूल खेळतंय, बघतंय, नेहमीसारखी शू करतंय, तर घरी सांभाळता येतं.

डोळ्यांबाबत एक सांगते. काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात, त्यामुळे डॉक्टरही आईलाच विचारतात की नेहमीपेक्षा वेगळे दिसतायत का. तुम्हाला वेगळे वाटत असतील तर ते ठामपणे सांगा, ती माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

चिमटीची परीक्षा अनेकजण चुकीच्या जागी, हातावर किंवा गालावर करतात. ती पोटावर करायची, बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधोमध. मुलाला पाठीवर झोपवा. अंगठा आणि तर्जनीने कातडी उभ्या दिशेत उचला, क्षणभर धरा आणि सोडा. नखं टोचायची नाहीत. सोडल्याबरोबर कातडी सपाट झाली तर ठीक. घडी क्षणभर तरी उभी दिसली आणि मग बसली तर हळू. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ राहिली तर ती धोक्याची खूण, निघायचं. गुटगुटीत बाळाच्या अंगात चरबी असल्यामुळे पाणी कमी असूनही कातडी झटकन बसते, आणि रोडावलेल्या मुलाची एरवीही हळूच बसते. म्हणून एकट्या चिमटीवर भरवसा ठेवू नये.

आजी मंडळी टाळू बघतात. ते बघणं योग्यच आहे. वर्षाच्या आतल्या बाळाची टाळू, ते शांत आणि बसतं धरलेलं असताना, खोल गेलेली दिसली तर पाणी कमी झाल्याची ती चांगली खूण आहे. मग तेल लावून टाळू भरायला बसतात, त्याचा मात्र उपयोग नाही. पाणी तोंडावाटे आत गेलं की टाळू आपोआप वर येते.

डायपर काढा

शेवटची शू कधी झाली? हा प्रश्न विचारला की निम्म्या वेळा उत्तर मिळतं, ‘कळलं नाही हो, डायपर आहे ना.’ आताचे डायपर शू पूर्ण शोषून घेतात. त्यात शी पाण्यासारखी होत असेल तर शी कुठली आणि शू कुठली हे कळायला मार्ग राहत नाही. आईला वाटतं डायपर जड आहे म्हणजे शू होतेय, आणि प्रत्यक्षात ते सगळं जुलाबाचं पाणी असतं.

आजार असेपर्यंत सुती लंगोट किंवा दुपटं बांधा. धुण्याचं काम वाढतं, मान्य आहे, पण त्या दोन-तीन दिवसांत शूइतकी भरवशाची दुसरी माहिती घरात मिळत नाही. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं आधी शू रोखून धरतात. शू थोडी, गडद पिवळी, उग्र वासाची झाली तर पाजण्याचा वेग वाढवायचा. जागेपणी सहा-आठ तासांत लंगोट ओला झालाच नाही तर दाखवायला न्यायचं. प्रत्येक शू, शी आणि उलटीची वेळ फोनमध्ये किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता जागरणाने डोकं सुन्न झालेलं असताना आठवणीवर विसंबता येत नाही, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

‘पाजलं की लगेच उलटी’

सर्वांत जास्त वेळा घोटाळा होतो तो इथे. तहानलेलं मूल पेला दिसला की दोन्ही हातांनी ओढून गटागटा पितं. आईलाही बरं वाटतं, चला, प्यायला तरी लागला. पण आजाराने चिडलेल्या पोटात एकदम शंभर मिलि पाणी गेलं की ते ताणलं जातं आणि सगळं उलटून पडतं. मग घरात ठरतं की याला ओआरएस पचत नाही, आणि पाजणं बंद होतं.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. तोंड पुसा, कपडे बदला. मग पुन्हा सुरू करा, पण छोट्या चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. मूल जास्त मागेल, रडेल, वाटी ओढेल, तरी सुरुवातीला एवढंच. चमच्याऐवजी सुई नसलेली पाच मिलिची सिरिंज चालते. ती गालाच्या आतल्या बाजूला धरून हळू सोडायची, घशावर पिचकारी मारायची नाही. घरात बोंडलं असेल तर तेही चालेल. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा. बाटलीने मात्र देऊ नका. बाटलीतून वेग आवरता येत नाही आणि बूच धुणं आजारपणात हमखास राहून जातं.

‘एवढ्याशा चमच्याने काय व्हायचंय?’ हा प्रश्न आमच्या विभागातल्या ओआरएस पाजायच्या कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारला होता. नात आठ किलोची, डोळे खोल गेलेले, आई थकून भिंतीला टेकलेली. मी आजींना म्हटलं, आजी, तुम्ही घड्याळ बघा, मी चमचा भरते. अशा मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिलि द्यायचं असतं, म्हणजे आठ किलोला ६०० मिलि. चहाचा छोटा चमचा पाच मिलिचा. दर दोन मिनिटांनी एक चमचा म्हणजे तासाला दीडशे मिलि, आणि चार तासांत बरोबर ६००. तासाभराने भांड्यातली पातळी किती खाली गेली ते आजींनी स्वतः पाहिलं, आणि मग चमचा त्यांनीच हातात घेतला. मधे एक उलटी झाली, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा लागलो. उलटीत सगळं निघून गेलं असं वाटतं, पण चमच्याने गेलेल्यातलं बरंचसं तोवर पुढे सरकलेलं असतं. दुपारी नातीने लंगोट ओला केला तेव्हा आईने तो हाताने चाचपून बघितला आणि वास घेऊन खात्री केली की ही शूच आहे.

चार तासांचा हा हिशेब पाणी कमी झालेल्या मुलासाठी, दवाखान्यात करायचा. घरी सांभाळण्याजोग्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर द्यायचं. दोन वर्षांपर्यंत ५० ते १०० मिलि, म्हणजे साधारण पाव ते अर्धा पेला. दोन वर्षांपुढे १०० ते २०० मिलि. त्याहून जास्त मागितलं तर द्या. पापण्या सुजल्यासारख्या दिसू लागल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी आणि अंगावरचं दूध द्या, आणि डॉक्टरांना कळवा.

चमच्यानेही काहीच टिकत नसेल तर डॉक्टर उलटी थांबवण्याच्या औषधाचा एखादा डोस देतात आणि त्यानंतर पाजणं सोपं होतं. तो डोस वजनावर ठरतो. मागच्या वेळची बाटली कपाटात आहे म्हणून स्वतःच देऊ नका.

पाकीट किती पाण्यात?

बाजारात दोन आकारांची पाकिटं मिळतात. मोठं, साधारण २१ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी. छोटं, चार-सव्वाचार ग्रॅमचं, २०० मिलिसाठी. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळतं ते बहुतेक मोठं असतं. ते एका पेल्यात कालवलं की पाचपट खारट पाणी तयार होतं. हे धोकादायक आहे. रक्तातलं मीठ वाढतं, मुलाला भयंकर तहान लागते, ते चिडचिडतं, आणि प्रमाण वाढत गेलं तर झटके येतात. अशा मुलाची कातडी मऊसर पिठासारखी लागते आणि पाणी कमी झाल्याच्या खुणा नीट दिसतही नाहीत, त्यामुळे ओळखायला उशीर होतो. उलट बाजूने, छोटं पाकीट तांब्याभर पाण्यात घातलं तर ते नुसतंच पाणी राहतं.

पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा आणि तेवढंच मोजून घ्या. तांब्या मापाला चालत नाही, प्रत्येक घरचा वेगळा असतो. बाटलीबंद पाण्याची एक लिटरची बाटली हे प्रत्येकाच्या आवाक्यातलं माप आहे. पाकीट एकाच वेळी पूर्ण घाला. ‘थोडी पूड थोड्या पाण्यात’ करू नये, कारण पुडीतले घटक सगळीकडे सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पण कालवल्यावर ते उकळू नका. दुधात, ज्यूसमध्ये मिसळू नका, वरून साखर घालू नका. झाकून ठेवलेलं चोवीस तास चालतं, नंतर उरलेलं टाकून द्या.

पाकीट मिळेपर्यंतच्या वेळेसाठी घरचं मीठ-साखर पाणी करता येतं. एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचा ढीग काढलेला. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. मिठाची चूक इथे फार सहज होते, म्हणून पाकीट आलं की पाकिटावर या.

हे ओआरएसच आहे ना?

‘ओआरएसच देतोय’ म्हणून जे दाखवतात ते अनेकदा रंगीत खोक्यातलं गोड पेय असतं. वर्षानुवर्षं मेडिकलच्या काउंटरवर ही पेयं ओआरएस या नावाने विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्य-पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी घरातला जुना साठा आणि जुनी सवय दोन्ही तपासून बघा.

फरक चवीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब लागलेल्या आतड्यातही ही यंत्रणा चालू राहते, म्हणून ओआरएस लागू पडतं. साखर फार झाली की उलटं होतं. न शोषलेली साखर अंगातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. गोड पेयं, शीतपेयं आणि डब्यातला ज्यूस यांचा दोष तोच. ग्लुकोज पावडरीचं पाणी हा आपल्याकडचा आणखी एक लाडका उपाय, त्यात साखर आहे पण मीठ नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी. जोडीला शहाळं द्यायला हरकत नाही, पण ओआरएसची जागा त्याला देऊ नये. मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक ही मात्र उत्तम जोड आहे. पेज आपल्याकडे आजारपणात द्यायचेच, ती पद्धत कुणी सोडू नये.

‘चव आवडत नाही, तोंड फिरवतो’

ज्या मुलाच्या अंगात पाणी कमी नाही त्याला ओआरएस खारट लागतं आणि ते नाकारतं. पाणी कमी झालेलं मूल तेच मिटक्या मारत पितं. त्यामुळे सुरुवातीला आवडीने प्यालं आणि काही तासांनी नको म्हणू लागलं, शू होतेय, डोळे उजळलेत, तर ते चांगलं चिन्ह आहे. तेव्हा जबरदस्ती न करता पेज, ताक, पाणी, दूध यांवर या. पण मूल मलूल आहे, शू नाही आणि तरी पीत नाही, तर तो नावडीचा प्रश्न नाही. त्याला घेऊन निघा.

गार करून दिलं तर काही मुलं सहज घेतात. मोठ्या भावंडाच्या हातून दिलेला चमचा कितीतरी वेळा आईच्या चमच्यापेक्षा लवकर घेतला जातो. काही मुलांना जुलाब नसतातच. तोंडात, हातापायांवर फोड येणाऱ्या साथीत घसा इतका दुखतो की गिळायची भीती बसते आणि दोन दिवसांत मूल सुकतं. तिथे तापाचं औषध वजनानुसार दिल्यावर अर्ध्या तासाने गार दूध, गार ताक, गार पेज चमच्याने द्या. आंबट आणि गरम नको.

‘जुलाब तर वाढलेच’

ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसतंच, आणि हे पाकीट देताना कुणी सांगत नाही. विषाणूचा जुलाब आपल्या गतीने, बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत, थांबतो. तोवर जेवढं बाहेर जातंय तेवढं आत घालत राहायचं, एवढंच काम आपल्याकडे असतं. शी किती वेळा झाली यावर गुण मोजू नका. शू, मुलाची तरतरी आणि डोळे यांवर मोजा. दिवसात आठ वेळा शी होऊनही मूल खेळत असेल, लंगोट ओले होत असतील, तर तुमचं नीट चाललंय. चारच वेळा झाली पण मूल मान टाकतंय, तर नीट चाललेलं नाही.

जुलाब थांबवण्याची मोठ्यांची गोळी, आतड्यांची हालचाल रोखणारी, लहान मुलाला अर्धी-पाव करूनही देऊ नका. आतडी सुस्तावतात, पोट फुगतं, मूल गुंगीत जातं. बाहेर दिसत नाही म्हणून जुलाब थांबला असं वाटतं आणि पाणी आत साचत राहतं. अँटिबायोटिकही विषाणूवर चालत नाही आणि कित्येकदा त्यानेच शी पातळ होते. ताप असेल तर पॅरासिटामोल डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने द्या. आयबुप्रोफेन मात्र अंगात पाणी कमी असताना टाळायचं, मूत्रपिंडांवर ताण येतो.

‘सलाईनच लावा’

हा आग्रह मी समजू शकते. बाटली टांगली की काहीतरी होतंय असं दिसतं, आणि आईला दोन तास पाठ टेकता येते. पण सलाईन लागतं ते निपचित, गिळू न शकणाऱ्या, हातपाय गार पडलेल्या मुलाला. तिथे ते जीव वाचवतं आणि एक मिनिटही दवडायचं नसतं. जे मूल पिऊ शकतं त्याचं काम तोंडावाटेच होतं, आणि सुई टोचण्याचा त्रास, शिरेला येणारी सूज हे वाचतं.

याचा पुरावा आपल्याच उपखंडातला आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. सीमेवरच्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, पेशंटला तुम्हीच पाजा म्हणून. जवळपास ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, घरच्यांचे होते. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

शू भरपूर होतेय, तरी मूल सुकलंय

ही गोष्ट क्वचित घडते, पण चुकली तर महाग पडते. जीभ कोरडी, डोळे खोल, उलट्या, श्वास जोरात, आणि शू मात्र कमी न होता वाढलेली. अलीकडे मूल सतत पाणी मागत होतं, रात्री अंथरूण ओलं करू लागलं होतं, वजन उतरलं होतं. असं असेल तर पोट बिघडलंय म्हणून ओआरएसवर थांबू नका. ही मधुमेहाची सुरुवात असू शकते, आणि तो अगदी लहान मुलांनाही होतो. त्याच तासाला दवाखान्यात जा आणि रक्तातली साखर तपासायला सांगा. बोटातून एक थेंब रक्त घेतलं की काही सेकंदांत कळतं.

खायला काय?

उपाशी ठेवू नका. ‘पोटाला आराम’ दिल्याने आतड्याचं अस्तर लवकर भरून येत नाही, उलट मूल अशक्त होतं. अंगावर पिणाऱ्याला दूध जास्त वेळा द्या. गुरगुट्या भात, तुपाचा थेंब घातलेली मऊ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं, जे आवडेल ते, थोडं-थोडं आणि पुनःपुन्हा. आजार गेल्यावर पुढचे दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्त द्या म्हणजे उतरलेलं वजन भरून येतं.

महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच

जुलाब पुन्हापुन्हा होत असतील तर पहिला प्रश्न, मागच्या वेळी झिंक पूर्ण दिलं होतं का? सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असं चौदा दिवस द्यायचं असतं. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की बहुतेक घरी गोळ्याही थांबतात. पण पूर्ण कोर्स घेतला तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. सरकारी केंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतात.

मग दुधाची बाटली बघा. बंद करता आली तर वाटी-चमच्यावर या. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत विचारा, पावसाळ्यात पाणी उकळून घ्या. बाळाची शी धुतल्यावर आणि त्याला भरवण्याआधी साबणाने हात, हे आजोबा आणि आत्यांसह घरातल्या सगळ्यांनी. दात येताना जुलाब होतातच असं म्हणून सोडून देऊ नका. त्या वयात मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. लसीकरणाचं कार्डही काढून बघा. रोटाव्हायरसचे थेंब सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात आणि महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहेत. पहिला डोस राहिला असेल तर बाळ वर्षाचं व्हायच्या आत जाऊन विचारा.

एकच जुलाब चौदा दिवसांहून जास्त चालला तर तो वेगळा आजार समजायचा. शी फेसाळ, आंबट वासाची, बूड लालभडक झालेलं असेल तर आजारानंतर काही काळ दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता असते. दूध बंद करायचं का, किती दिवस, हे डॉक्टरांना ठरवू द्या, आणि अंगावरचं दूध तोवर थांबवू नका. जाताना मुलाचं आजारापूर्वीचं वजन लिहिलेलं अंगणवाडीचं किंवा लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.